ईएफ तोच, ताकद मात्र घसरलेली : प्रगत हार्ट फेल्युअरमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बाई ४९ वर्षांच्या. उंची १५० सेंटीमीटर, वजन ४७ किलो. ही दोन मापं आधीच सांगतो, कारण पुढे सगळा वाद त्यांच्याभोवती फिरणार आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

सहा वर्षांपूर्वी डायलेटेड कार्डिओमायोपथीचं, म्हणजे हृदयाचे कप्पे फुगून स्नायू दुबळा होण्याच्या आजाराचं निदान झालं. अँजिओग्राफी स्वच्छ होती, म्हणजे रक्तवाहिन्यांत अडथळा नव्हता. स्नायूच कमकुवत झालेला. ईसीजीत डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे विद्युत संदेश वाहण्यातला अडथळा होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी सीआरटी-डी (दोन्ही बाजूंचे ठोके जुळवणारा आणि गरज पडल्यास शॉक देणारा पेसमेकर) बसवला. हार्ट फेल्युअरच्या औषधांचे चारही गट सुरू होते आणि बाई गोळ्या चुकवणाऱ्यांतल्या नव्हत्या. सलग तीन वर्षांचे इको रिपोर्ट फाइलमध्ये एकाखाली एक लावलेले: ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन, हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा) २४ टक्के, मग २३, मग २२. प्रत्येक रिपोर्टाच्या शेवटी तेच वाक्य : ‘आधीच्या तुलनेत विशेष फरक नाही’.

फरक मात्र भरपूर पडला होता, फक्त तो दुसऱ्या कागदांवर होता. आठ महिन्यांत दोनदा अॅडमिट. वरचा बीपी ८५ च्या खाली जायला लागल्यावर त्या चारांतलं सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन आधी निम्मं केलं, मग बंद केलं. बीटा ब्लॉकरही निम्म्यावर आला. लघवीवाटे पाणी काढणारं टॉर्सेमाइड २० मिलिग्रॅमवरून ८० वर गेलं. क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढणारं) ०.९ चं १.५ झालं, रक्तातलं सोडियम १३१ वर उतरलं, आणि पाय सुजलेले असूनही वजन पाच किलोंनी घटलं. हार्ट फेल्युअर पाहणाऱ्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल. हृदय एवढं थकलंय की त्याला मदत करणारी औषधंच त्याला सोसेनाशी झालीत, असा तिचा अर्थ.

बाईंना विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘तशी मी बरी आहे.’ त्यांनी पट्ट्याच्या चपला सोडून सरकवायच्या घातल्या होत्या. तपासताना त्यांना खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्यापर्यंत वाकायला सांगितलं. पंधरा-वीस सेकंदांत त्या सरळ झाल्या, तोंड उघडं ठेवून दोन श्वास घेतले आणि ओशाळं हसल्या. वाकल्यावर ३० सेकंदांच्या आत दम लागणं ही हृदयातले दाब वाढल्याची खूण. यजमान फाइल आणायला बाहेर गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, ‘डॉक्टर, ह्यांना सांगू नका, पण जिन्यात मी दोनदा थांबते. ह्यांना वाटतं मी फोनवर बोलत उभी आहे.’

अडचण

टीममध्ये दोन मतं होती आणि दोन्ही बिनबुडाची नव्हती.

एका बाजूचं म्हणणं असं : ईएफ तीन वर्षं जागचा हललेला नाही, सहा मिनिटांच्या चालण्यात बाईंनी ३१० मीटर गाठले, बोलता-चालता आहेत. शिरेतून डाययुरेटिक देऊन पाणी काढावं, औषधं पुन्हा हळूहळू वाढवून बघावीत. हृदयाचं ट्रान्सप्लांट, यांत्रिक पंप वगैरे बोलायची वेळ अजून आलेली नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं : औषधं खाली येतायत, किडनी हात वर करतेय, ईएफ बघत बसलो तर वेळ हातची जाईल.

कार्डिओपल्मोनरी एक्सरसाइज टेस्टने, म्हणजे सायकल चालवताना श्वासातले वायू मोजण्याच्या चाचणीने वाद मिटेल असं वाटलं होतं. तो वाढला. पीक ऑक्सिजन वापर आला किलोमागे मिनिटाला १२.८ मिलिलिटर. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णाला ट्रान्सप्लांटच्या यादीचा विचार करण्यासाठी १२ हा उंबरठा धरतात. म्हणजे बाई ‘पास’. पण ४७ किलोंच्या, अंगातलं मांस गळालेल्या माणसात किलोने भागाकार केला की आकडा फुगतो. अपेक्षित क्षमतेशी तुलना केली तर तोच निकाल फक्त ४६ टक्के भरत होता, आणि स्त्रियांमध्ये व पन्नाशीच्या आतल्या रुग्णांमध्ये ५० टक्क्यांखालचा आकडा धोक्याचा मानतात. श्वास आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तराचा उतार ४१ होता. ३५ च्या वर तो वाईट. मला सगळ्यांत जास्त खटकलं ते वेगळंच : सायकलवर पाय थकेपर्यंत चालवूनही वरचा बीपी ९२ वरून जेमतेम ९८ झाला.

एकच चाचणी, आणि तिच्यातून ज्याला जे हवं ते निघत होतं. प्रश्न शेवटी साधा उरला. हे हृदय शरीराला प्रत्यक्षात किती काम करून देतंय, आणि मागणी वाढली तर अजून किती देऊ शकतं?

ईएफ हे सांगत का नाही

ईएफ म्हणजे डाव्या जवनिकेत (हृदयाच्या रक्त बाहेर फेकणाऱ्या खालच्या कप्प्यात) भरलेल्या रक्तापैकी किती टक्के दर ठोक्याला बाहेर फेकलं जातं तो हिस्सा. ते रक्त कुठे गेलं, किती दाबाविरुद्ध गेलं, मिनिटाला किती गेलं, यातलं काहीच त्यात येत नाही.

बाईंचे जुने इको पुन्हा उघडून हे पडताळलं. तीन वर्षांपूर्वी महाधमनीत दर ठोक्याला साधारण ४३ मिलिलिटर रक्त जात होतं. आता ३० च्या आसपास. ईएफ मात्र २४ वरून २२, म्हणजे जवळपास तिथेच. मग मधलं रक्त गेलं कुठे? मायट्रल झडपेतून मागे. झडपेची गळती सौम्यवरून मध्यम झाली होती. जवनिका अजूनही ४० मिलिलिटर फेकत होती, पण त्यातले दहा फुप्फुसांच्या दिशेने परत जात होते. ईएफच्या हिशोबात पुढे गेलेलं आणि मागे गेलेलं दोन्ही ‘बाहेर फेकलेलं’च धरलं जातं.

पंपशक्ती, म्हणजे कार्डिअॅक पॉवर आउटपुट, हिशोब वेगळा मांडते. सरासरी धमनीदाब गुणिले मिनिटाला पुढे जाणारं रक्त, भागिले ४५१. दाब मिमी पाऱ्यात आणि प्रवाह लिटरमध्ये घेतला की उत्तर वॅटमध्ये येतं. ४५१ हा निव्वळ एकक बदलण्याचा आकडा आहे. निरोगी प्रौढ माणसाचं हृदय विश्रांतीत साधारण १ वॅट देतं, म्हणजे साध्या मोबाइल चार्जरच्या पाचव्या हिश्शाइतकं. जोरात पळताना तेच हृदय त्याच्या कित्येक पट ताकद काढतं.

दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार करण्यात मेख आहे. रक्तवाहिन्या आवळणारं औषध दिलं की बीपी सुधारलेला दिसतो, पण प्रवाह घटला असेल तर गुणाकार वाढत नाही. उलट, वाहिन्या सैल केल्यावर बीपी उतरतो आणि वॉर्डात घबराट होते. प्रवाह त्याहून जास्त वाढला असेल तर ताकद खरं तर वाढलेली असते. दोन्हींपैकी एकाकडेच बघणारा इथे फसतो.

ही कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकातच गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना ताण देऊन त्यांची कमाल पंपशक्ती मोजली गेली, आणि ताण देऊनही ज्यांचं हृदय १ वॅटच्या वर जात नव्हतं त्यांचं भवितव्य फार वाईट निघालं. २००४ मध्ये हार्ट अटॅकनंतरच्या कार्डिओजेनिक शॉकमधल्या (हृदय कोसळून अवयवांना रक्त पुरेनासं झालेल्या) ५४१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रक्ताभिसरणाच्या सगळ्या मापांमध्ये रुग्णालयातल्या मृत्यूशी सर्वांत घट्ट नातं पंपशक्तीचं होतं आणि उंबरठा निघाला ०.५३ वॅट. तेव्हापासून हा ०.५३ आयसीयूंत पाठ झालेला आकडा आहे. आमच्या प्रकरणात त्यानेच गोंधळ घातला.

मोजणी, आणि पहिला पेच

अॅडमिट झाल्या त्या दिवशीच्या इकोवरून कुणीतरी हिशोब केला होता : प्रवाह ३.३ लिटर, पंपशक्ती ०.५२ वॅट. ‘०.५३ च्या काठावर आहे, बघू’ अशी नोंद केसपेपरवर.

हा प्रवाह काढताना महाधमनीच्या तोंडाचा व्यास मोजावा लागतो आणि त्याचा वर्ग घ्यावा लागतो. रिपोर्टात व्यास होता २० मिमी. आधीच्या तिन्ही रिपोर्टांत १८. प्रौढ माणसाचा हा व्यास मधल्या काळात वाढत नाही. दोन मिलिमीटरचा फरक वर्गात गेला की प्रवाह २३ टक्क्यांनी फुगतो. १८ धरून तोच हिशोब २.७ लिटर आणि ०.४२ वॅटवर आला. चित्र पडद्यावर थांबवून कर्सर कुठे ठेवायचा एवढ्यावर हा सगळा फरक. जुन्या इकोची तीच रीत लावली तर तीन वर्षांपूर्वी बाई ०.५८ वॅटवर होत्या. ‘विशेष फरक नाही’ म्हणत म्हणत चौथा हिस्सा ताकद गेली होती.

तरीही इकोच्या भरवशावर ट्रान्सप्लांटचा निर्णय कुणी घेणार नाही. हृदयातले दाब प्रत्यक्ष मोजायला उजव्या बाजूने कॅथेटर, म्हणजे बारीक नळी घालायचं ठरलं. त्यावरही आक्षेप आला : २००५ च्या एस्केप चाचणीत अशा कॅथेटरचा फायदा दिसला नव्हता ना? खरं आहे, पण ती चाचणी अॅडमिट रुग्णांच्या उपचारात सरसकट कॅथेटर वापरण्याबद्दल होती. पंप किंवा ट्रान्सप्लांटचा निर्णय अडलेला असताना दाब प्रत्यक्ष मोजल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

१९७० मध्ये आलेलं स्वान-गान्झ कॅथेटर आजही मूळ रूपात फारसं बदललेलं नाही. मानेतून ते घातलं. आकडे असे आले : उजव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) १४, फुप्फुसाच्या धमनीत ५० वर २६, वेज (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज देणारा आकडा) २७. बीपी ९० वर ६२, म्हणजे सरासरी ७१. थर्मोडायल्यूशनने (गार द्रव सोडून रक्ताचं तापमान कसं बदलतं त्यावरून) प्रवाह तीनदा मोजला, सरासरी २.८ लिटर. फिक पद्धतीने, म्हणजे शरीराच्या ऑक्सिजन वापरावरून, २.९. तिथे ऑक्सिजनचा वापर मोजलेला नव्हता, शरीराच्या आकारावरून गृहीत धरला होता, म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवली नसती. पण दोन्ही जुळले हे बरं झालं.

पंपशक्ती ०.४४ वॅट.

आकड्याचा अर्थ काय लावायचा

आता पुन्हा दोन तट. ‘०.५३ च्या बरीच खाली आहे, हा शॉक आहे, आजच पंप लावा’ असं आयसीयूतल्या तरुण सहकाऱ्याचं मत. शेजारच्या खाटेवर बाई चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होत्या. हातपाय कोमट होते, लॅक्टेट (रक्त कमी पडलं की वाढणारं) १.६, म्हणजे ठीक.

०.५३ हा उंबरठा हार्ट अटॅकने अचानक कोसळलेल्या हृदयांवरून आलाय. वर्षानुवर्षं कमी ताकदीवर जगायला शिकलेल्या शरीराला तो जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय त्याच अभ्यासात स्त्रियांमध्ये आणि वाढत्या वयात पंपशक्ती कमी आढळली होती. ज्या शरीराला रक्तच कमी लागतं त्याला वॅटही कमी लागणार. बाईंचं शरीराचं क्षेत्रफळ १.४ चौरस मीटर. त्याने भागलं तर निर्देशांक आला चौरस मीटरमागे ०.३२ वॅट. घरी राहून उपचार घेणाऱ्या प्रगत रुग्णांच्या अभ्यासात ०.४४ च्या आसपासच्या निर्देशांकाखाली धोका वाढलेला दिसतो. म्हणजे ‘लहान शरीर आहे म्हणून आकडा लहान’ ही पळवाटही बंद झाली. शॉक नव्हता हे खरं, आणि शरीराच्या मानाने ताकद धोकादायक कमी होती हेही तितकंच खरं.

दुसरी गोष्ट उजव्या कर्णिकेतल्या १४ ची. रक्त सरासरी ७१ च्या दाबाने निघतं, पण परत येऊन जिथे पोहोचतं तिथे १४ चा दाब उभा आहे. हृदयाने रक्तासाठी खरोखर निर्माण केलेला दाबातला फरक ५७ चाच. मूळ सूत्र हे वजा करत नाही. निरोगी माणसात हा दाब इतका कमी असतो की फरक पडत नाही. इथे पाचवा हिस्सा त्यात जातो आणि ०.४४ चा आकडा ०.३५ होतो. उजवी बाजू तुंबलेल्या रुग्णात मला वजाबाकीचं सूत्र जास्त प्रामाणिक वाटतं. मात्र ०.५३ आणि निर्देशांकाचा ०.४४ हे दोन्ही उंबरठे वजाबाकी न केलेल्या सूत्राचे आहेत. ०.३५ त्यांच्या शेजारी ठेवून घाबरणं किंवा घाबरवणं चुकीचं. हा सुधारित आकडा त्याच रुग्णाच्या आजच्या आणि उद्याच्या तुलनेसाठी वापरायचा.

तिसरी गोष्ट राखीव ताकदीची. हीच निर्णायक ठरली. कॅथेटर आत असतानाच बाईंना झोपलेल्या अवस्थेत पायाची सायकल हलक्या भारावर चालवायला दिली. नाडी ८८ ची १०८ झाली, प्रवाह २.८ चा ३.६, सरासरी दाब ७१ चा ७४. पंपशक्ती ०.५९. सगळी मिळून भर ०.१५ वॅटची. आणि तेवढ्यासाठी वेज २७ वरून ३८ वर गेला. ‘बास’ म्हणायच्या आधीच त्यांनी पाय थांबवले होते. जिन्यात फोन कानाला लावून उभं राहण्याचं कारण पडद्यावर दिसत होतं.

या सायकलनंतर ‘अजून औषधं वाढवून बघू’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याने स्वतःच विषय सोडला.

पर्याय

पाणी काढून, औषधं जुळवून घरी पाठवणं हा पहिला. सगळ्यांत सोपा, आणि गेल्या आठ महिन्यांत दोनदा केलेला. राखीव ताकद नसलेल्या हृदयाला पुढचा साधा तापही झेपला नसता.

घरी शिरेतून मिल्रिनोन, म्हणजे हृदयाचा जोर वाढवणारं आणि रक्तवाहिन्या सैल करणारं औषध चालू ठेवणं हा दुसरा. बरं वाटतं, पण आयुष्य वाढत नाही. ट्रान्सप्लांटची वाट बघताना किंवा शेवटचे दिवस सुसह्य करायला त्याचा उपयोग. लाइनमधून जंतुसंसर्ग आणि ठोक्यांची गडबड ही त्याची किंमत.

तिसरा एलव्हीएडी, डाव्या जवनिकेचा यांत्रिक पंप. २००१ मध्ये रीमॅच चाचणीत पहिल्या पिढीच्या पंपावरचे निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण वर्षभर जगले होते, औषधांवरचे फक्त पाव. आता हार्टमेट ३ वर पाच वर्षांनी ५८ टक्के रुग्ण जिवंत असल्याचं मोमेंटम ३ चाचणीने दाखवलं आहे. पण डावीकडे पंप बसवला की उजव्या जवनिकेला एकदम जास्त रक्त ओढावं लागतं. ती तयार आहे का? इथे खुणा एकमेकींशी भांडत होत्या. फुप्फुस-धमनीच्या वरच्या आणि खालच्या दाबातला फरक भागिले उजव्या कर्णिकेचा दाब, हा निर्देशांक १.७ आला, १.८५ च्या खाली पंपानंतर उजवी बाजू बसण्याची भीती. कर्णिका आणि वेज यांचं गुणोत्तर ०.५२, ते मात्र ०.६३ च्या आत, म्हणजे ठीक.

चौथा ट्रान्सप्लांट. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा रोध २.५ वुड युनिट, म्हणजे फार नव्हता, त्यामुळे दार उघडं होतं. अडचण दुसरीकडे. लहान चणीला लहान हृदय लागतं. दोन बाळंतपणं झालेली असल्याने रक्तात परक्या पेशींविरुद्धची अँटिबॉडी असण्याची शक्यता होती. तपासणीत त्या बऱ्याच निघाल्या. म्हणजे प्रतीक्षा लांबणार.

पाचवा पर्याय आम्ही याच बैठकीत टेबलावर ठेवला : कुठलंच मोठं ऑपरेशन न करता पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करण्यापुरते उपचार. यजमानांना ते ऐकवेना. ‘हिला अजून काही झालेलं नाही हो,’ ते म्हणाले. बाईंनी मात्र शांतपणे विचारलं की त्यात दम लागणं थांबेल का.

काय केलं

लगेच पंपाकडे धाव न घेता उजवी बाजू सुधारते का ते आधी बघायचं ठरवलं. कॅथेटर आतच ठेवून शिरेतून डाययुरेटिक आणि मिल्रिनोन किलोमागे मिनिटाला ०.२५ मायक्रोग्रॅम या मात्रेने सुरू केलं. किडनी दुखावलेली असल्याने मात्रा वाढवली नाही.

चौथ्या दिवशी कर्णिकेचा दाब १४ चा ७ झाला, वेज २७ चा १७, फुप्फुस-धमनी ४० वर १८. प्रवाह ३.५. सरासरी दाब मात्र ६८ वर आला होता आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांनी बीपी उतरला म्हणून मिल्रिनोन बंद करायची तयारी केली होती. पंपशक्ती काढली तर ०.५३, वजाबाकीच्या सूत्राने ०.३५ ची ०.४७. औषध चालू राहिलं. साध्या सूत्राने सुधारणा २० टक्के दिसत होती, वजाबाकीच्या सूत्राने तिसऱ्या हिश्शाहून जास्त. आणि बाईंचा चेहरा, लघवी आणि क्रिएटिनिन दुसऱ्या हिशोबाच्या बाजूने होते. उजव्या बाजूचा निर्देशांकही १.७ वरून ३ च्या वर गेला. पाण्याचा भार उतरला की उजवी जवनिका सावरते, हे कळलं.

मग मिल्रिनोन हळूहळू उतरवून पाहिलं. मात्रा निम्मी केल्यावर दोन दिवसांत क्रिएटिनिन चढलं, पंपशक्ती ०.४५ वर आली. औषधावर अवलंबून झाल्याचा हा पुरावा. नाव ट्रान्सप्लांटच्या यादीत गेलं.

खरा कठीण टप्पा यानंतरचा. अँटिबॉडीमुळे जुळणारं हृदय मिळेना. पाचव्या आठवड्यात मिल्रिनोन पूर्ण मात्रेत चालू असताना बाईंनी जेवण सोडलं, बिलिरुबिन वाढलं, म्हणजे यकृतही थकायला लागलं. पुन्हा मोजलेली पंपशक्ती ०.३९. थांबायचं की एलव्हीएडी बसवायचा? थांबण्यात अवयव खराब होऊन दोन्ही पर्याय हातचे जाण्याचा धोका. पंपात रक्तस्राव, पक्षाघात, पोटातून बाहेर येणाऱ्या केबलच्या जागी संसर्ग. शिवाय ऑपरेशनमधल्या रक्तामुळे अँटिबॉडी आणखी वाढण्याची शक्यता.

बाईंनी विचारलं, ‘पंप बसवला तर माझं हृदय मिळायचं राहील का?’ राहणार नाही, उशीर होऊ शकतो, हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि होकार दिला.

निकाल

एलव्हीएडी बसवला. उजवी जवनिका पहिले काही दिवस कुरकुरली. नायट्रिक ऑक्साइड हुंगवावा लागला, मिल्रिनोन दोन आठवडे चाललं, पण उजव्या बाजूला वेगळा पंप लावायची वेळ आली नाही. ऑपरेशनआधी कर्णिकेचा दाब उतरवण्यात घालवलेले दिवस इथे कामी आले असं माझं मत आहे. एका रुग्णावरून ते सिद्ध होत नाही.

तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.० वर, वजन चार किलोंनी वाढलेलं, सोडियम नॉर्मल. जिना एका दमात. पंपशक्ती आता पूर्वीसारखी वाचता येत नाही, कारण जवळपास सगळा प्रवाह यंत्राचा असतो आणि नाडी हाताला धड लागत नाही. सरासरी दाब डॉप्लरने मोजावा लागतो. सातव्या महिन्यात केबलच्या तोंडाशी संसर्ग झाला, शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं. हे लिहिताना पंपाला वर्ष होत आलंय, अँटिबॉडी कमी करण्याचे उपचार चालू आहेत आणि नाव यादीत कायम आहे.

काय वेगळं करता आलं असतं

रेफरल उशिरा झाला, यावर टीममध्ये दुमत नाही. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन बंद करावं लागलं त्याच दिवशी बाईंना प्रगत हार्ट फेल्युअरच्या टीमकडे पाठवायला हवं होतं. त्यासाठी कॅथेटरही लागलं नसतं. इको रिपोर्टात ईएफच्या शेजारी महाधमनीत दर ठोक्याला जाणारं रक्त आणि त्या वेळचा बीपी एवढं लिहिलं असतं तरी घसरण वर्षभर आधी नजरेला आली असती. यंत्र ते तसंही मोजतं. रिपोर्टात लिहायची सवय नाही, इतकंच.

अँटिबॉडीची तपासणी पहिल्या आठवड्यात केली असती तर ‘हृदय लवकर मिळेल’ या गृहीतकावर पाच आठवडे गेले नसते. पंपाचा निर्णय बिलिरुबिन वाढण्याआधी, बाई जेवत-खात असताना झाला असता. याबाबत सर्जन आणि आमच्यात अजूनही मतभेद आहेत. त्यांच्या मते पंप तिसऱ्याच आठवड्यात बसवायला हवा होता. माझ्या मते लहान चणीच्या रुग्णात थोडं थांबून पाहणं गैर नव्हतं, पण किती थांबायचं ते आधी ठरवायला हवं होतं.

फिकसाठी ऑक्सिजन गृहीत न धरता मोजता आला असता. चाचणीचं यंत्र त्याच मजल्यावर होतं. या वेळी दोन्ही पद्धती जुळल्या म्हणून निभावलं; उजवीकडच्या झडपेची गळती जास्त असती तर थर्मोडायल्यूशनवरही भरवसा ठेवता आला नसता आणि हाती एकही खात्रीचा प्रवाह राहिला नसता.

आणि ०.५३. आयसीयूच्या भिंतीवर हा आकडा लाल अक्षरांत चिकटवलेला होता. आता त्याखाली तो कोणत्या रुग्णांवरून आला हे लिहिलंय, शेजारी शरीराच्या आकाराने भागायचं सूत्र आहे, आणि विश्रांतीतला आकडा काठावर असेल तर पायाची सायकल द्यायची अशी ओळ आहे. सायकलचा भार किती ठेवायचा यावर अजून एकमत झालेलं नाही.